दुर्मीळ शब्दांचे गणित

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी पहिले दोन हजार शब्द फारसा घाम न गाळता शिकतो. पुढचे काही हजार मात्र त्याला दमवतात. ते शब्द अवघड असतात म्हणून नव्हे, ते कमी भेटतात म्हणून. कोणत्याही भाषेत मूठभर शब्द अखंड राबत असतात आणि उरलेले हजारो क्वचितच डोके वर काढतात. हार्वर्डमधील जॉर्ज किंग्जली झिफ यांनी १९३०च्या दशकात या विषमतेतला नियम पुढे आणला. दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या सुमारे निम्म्या वेळा येतो, तिसरा एक तृतीयांश वेळा, आणि पुढेही हीच उतरंड चालू राहते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६१ साली छापलेल्या मजकुरातून दहा लाख शब्दांचा संचय तयार केला. त्यात ‘द’ ६९,९७१ वेळा आला आणि ‘ऑफ’ ३६,४११ वेळा. दुसऱ्या टोकाला, त्या संचयातले जवळपास निम्मे वेगवेगळे शब्द फक्त एकेकदा आले. याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी लेखनाचा दहा लाख शब्दांचा संचय उभारला. भाषाशास्त्रात तो आजही ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखला जातो.

या विषमतेचा शिकवण्यासाठी उपयोग करणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे नाव अग्रभागी येते. अविभाजित बंगालमधल्या ढाक्यात शिक्षकांना घडवत असताना त्यांनी मुलांसाठी निवडक शब्दांची वाचनमाला बेतली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द या यादीत सापडतात. ऐंशी हा आकडा भरघोस वाटला तरी फसवा आहे. तीनशे शब्दांच्या पानावर साठ शब्द अनोळखी असतील, तर वाचन नव्हे, कोडे सोडवणे सुरू होते. ओळखीच्या शब्दांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले तरी पानाला पंधरा खड्डे उरतात. न्यूझीलंडमधील पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार कोणाच्या मदतीविना समजून वाचायचे, तर प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास हवे, म्हणजे पानाला सहाच अनोळखी शब्द. त्यासाठी नेशन यांनी २००६ साली मांडलेला हिशेब आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबांचा आहे. ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ ही सारी मंडळी मिळून एक कुटुंब.

दोन हजार ते नऊ हजार हा पट्टा म्हणजे प्रगत शब्दसंपत्तीचे खरे क्षेत्र. त्यात कुठून शिरायचे, हे गरजेवर ठरते. उच्च शिक्षणासाठी वेलिंग्टनच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची यादी सोयीची आहे. तिच्यात ‘हायपोथिसिस’, ‘सिग्निफिकंट’ अशी ५७० कुटुंबे आहेत आणि विद्यापीठीय मजकुराचा जवळपास दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. त्या मानाने बाजारातल्या ‘अवघड शब्दां’च्या गाइडांचा हिशेब तोट्याचा ठरतो. वर्णक्रमाने मांडलेल्या अशा गाइडमधले ‘ए’चे शब्द पाठ होतात आणि ‘बी’ संपण्याआधी पुस्तक कपाटात जाते. शिवाय ‘ॲडव्हर्स’ आणि ‘ॲव्हर्स’सारखे दिसायला जवळचे शब्द शेजारी शेजारी बसवले, की दोन्हींचा घोळ होतो. अर्थाने जवळच्या शब्दांचेही तेच. एकाच गटातले शब्द एका बैठकीत शिकायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो, असे १९९०च्या दशकातील प्रयोगांत दिसले. ‘हुशार’साठी दहा प्रतिशब्द एका दमात पाठ करण्याची शिकवणीतली जुनी रीत त्यामुळे बिनकामाची ठरते.

भरपूर वाचा, शब्द आपोआप येतील, हा सल्ला अर्धाच खरा आहे. समजा, एखादा शब्द दर लाख शब्दांमागे एकदा येतो. रोज वीस पाने, म्हणजे सुमारे सहा हजार शब्द वाचणाऱ्याला तो साधारण सतरा दिवसांनी पुन्हा भेटेल. तोवर स्मरणाचे काय होते, हे जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली मोजून दाखवले होते. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, ही त्यांची पद्धत. प्रयोग करणारे तेच आणि प्रयोगातले पात्रही तेच. तासाभराने बचत ४४ टक्क्यांवर आली, एका दिवसाने ३४ वर, महिन्याने २१ वर. अर्थपूर्ण शब्द याहून सावकाश विसरले जातात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे शब्दसंग्रहाला लावता येत नाहीत. घसरण सुरुवातीलाच सर्वांत तीव्र असते, एवढी गोष्ट मात्र पक्की आहे.

ही घसरण रोखण्यासाठी बहुतेक जण शब्द पुन्हा पुन्हा वाचतात. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये छापलेला प्रयोग नेमका या सवयीच्या मुळावर येतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या चाळीस जोड्या दिल्या होत्या, उदाहरणार्थ ‘मशुआ’ म्हणजे होडी. शब्द एकदा बरोबर आठवला, की काही गटांत तो पुढच्या वाचनातून वगळला, काही गटांत पुढच्या चाचण्यांतून, तर एका गटात दोन्हींतून. आठवड्याने पाहिले, तर ज्यांच्या चाचण्या चालू राहिल्या होत्या त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, मग वाचन चालू असो वा बंद. ज्यांच्या चाचण्या थांबल्या, त्यांना जेमतेम एक तृतीयांश आठवले, आणि जादा वाचनाने त्यात जवळजवळ काहीच भर पडली नाही. गंमत अशी, की आपल्याला किती आठवेल याचा अंदाज सर्व गटांनी सारखाच, निम्म्याच्या आसपास बांधला होता. नजरेखालून गेलेला शब्द ओळखीचा वाटतो आणि तेवढ्यावरच तो येतो असा समज होतो. घोकंपट्टीला बोल लावायचा तर तो पाठांतराला नव्हे, उत्तर समोर उघडे ठेवून घोकण्याला लावावा.

चाचण्यांमधले अंतरही महत्त्वाचे. हॅरी बाह्रिक यांच्या कुटुंबातील चौघांनी तीनशे परकीय शब्दांवर अनेक वर्षे स्वतःचीच परीक्षा घेतली. १९९३ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीच्या ठरतात. शिकताना लांब अंतर त्रास देते, मधले शब्द निसटतात, पण टिकाऊपणा त्यातूनच येतो. हे तत्त्व घरी राबवण्याची सोय सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली सुचवली. एका पेटीत कप्पे करायचे. उत्तर बरोबर आले, की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पुन्हा समोर येते. चुकले, की थेट पहिल्या कप्प्यात परत. ‘अँकी’सारखी ॲप याच कल्पनेवर चालतात. बुटांचा रिकामा खोकाही चालतो.

नवा शब्द प्रथम मनात रुजवायला ध्वनीचा आधार घेता येतो. स्टॅनफर्डमध्ये ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ साली रशियन शब्द ओळखीच्या इंग्रजी उच्चारांशी आणि एखाद्या चित्राशी जोडून शिकवले. त्या गटाला ७२ टक्के शब्द आठवले, साध्या पद्धतीने शिकलेल्यांना ४६ टक्के. मराठी विद्यार्थी ‘ग्रिगेरियस’ म्हणजे माणसांत रमणारा हा शब्द ‘गर्दी’शी जोडू शकतो आणि गर्दीत खुशीत बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणू शकतो. धातूंची ओळखही कामी येते. आहार, विहार, प्रहार, संहार यांत एकच धातू पाहण्याची सवय असलेल्याला ‘इन्स्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’, ‘सर्कमस्पेक्ट’ यांतले लॅटिन ‘पाहणे’ चटकन दिसते. तरीही अंदाज शब्दकोशात ताडून घ्यावा लागतो, कारण ‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ नकारार्थी नाही आणि ते पदार्थ झटकन पेट घेतात.

अर्थ कळला, तरी शब्द वापरता येतोच असे नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ साली निघालेला ‘कोबिल्ड’ शब्दकोश संगणकावर साठवलेल्या खऱ्या वाक्यांवर आधारलेला होता. त्या वाक्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्यावर शब्दांच्या अशा खोडी दिसल्या, ज्या जुन्या कोशांतून सुटल्या होत्या. ‘सेट इन’ या क्रियापदाचा कर्ता जवळजवळ नेहमी नकोशी गोष्ट असते: कुजणे, निराशा, मंदी. ‘कॉज’ या क्रियापदामागेही बहुतेक वेळा नुकसान, आजार, मृत्यू हेच येते. म्हणून ‘आनंद कॉज केला’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य व्याकरणात बसूनही कानाला खटकते. पाऊस मराठीत मुसळधार आणि इंग्रजीत ‘हेवी’, चहा मराठीत कडक आणि इंग्रजीत ‘स्ट्राँग’. या जोड्या तर्काने काढता येत नाहीत. त्यामुळे कार्डावर सुटा शब्द लिहिण्यापेक्षा सोबतच्या शब्दासह तुकडा लिहिणे जास्त फायद्याचे.

वाचून समजणारे शब्द लिहिता-बोलताना सुचणाऱ्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात. ही दरी कशाने कमी होते, याचा शोध यान हुल्स्टेइन आणि बातिया लाउफर यांनी नेदरलँड्स व इस्रायलमधील विद्यार्थ्यांवर घेतला आणि २००१ साली प्रसिद्ध केला. एका गटाने समासात अर्थ दिलेला उतारा वाचला, दुसऱ्याने त्यातल्या गाळलेल्या जागा भरल्या, तिसऱ्याने तेच दहा शब्द घालून पत्र लिहिले. पत्र लिहिणाऱ्यांना शब्द सर्वांत चांगले लक्षात राहिले. त्यांना वेळही सर्वांत जास्त लागला होता, म्हणून त्यातला किती वाटा लेखनाचा आणि किती वेळेचा, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.