कार्ड देताना रॅम सांभाळायची

फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स कर्नलच्या 2.6.20 आवृत्तीत केव्हीएम आलं आणि घरच्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. पण त्या मशीनला मिळायचं ते सगळं नकली. नेटवर्क कार्ड रिअलटेकची नक्कल, ग्राफिक्स सिरस लॉजिकची नक्कल. खरं कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसलेलं, पण व्हीएमला त्याचा पत्ताच नाही.

खरं उपकरण व्हीएमच्या हवाली करायचं, ही कल्पना जुनीच. आयबीएमच्या 1972 सालच्या व्हीएम/370 मध्ये टेप ड्राइव्ह एखाद्याच्या व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येत असे. पीसीवर घोडं अडलं ते डीएमएपाशी. कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहितं. गेस्टमधला, म्हणजे व्हीएममधला, ड्रायव्हर त्याला सांगतो, अमुक पत्त्यावर लिही. पण तो पत्ता गेस्टच्या समजुतीतला. खऱ्या रॅममध्ये तिथे होस्टचा, म्हणजे मूळ मशीनचा, कर्नलही असू शकतो. एक लिखाण चुकीच्या जागी पडलं की सगळं मशीन आडवं.

यावरचा उपाय म्हणजे आयओएमएमयू. कार्ड आणि रॅम यांच्या मध्ये बसून तो प्रत्येक पत्ता तपासतो आणि बदलून देतो. इंटेलने त्याला व्हीटी-डी म्हटलं, एएमडीने एएमडी-व्हीआय. डिसेंबर 2008 च्या 2.6.28 कर्नलमध्ये केव्हीएमला कार्ड सोपवण्याची सोय झाली, पण घडी नीट बसली ती 2012 मध्ये. सिस्कोच्या टॉम लायन यांनी सुरू केलेलं व्हीएफआयओ रेड हॅटच्या अ‍ॅलेक्स विल्यमसन यांनी पुढे नेलं आणि ते 3.6 कर्नलमध्ये दाखल झालं.

व्हीएफआयओचा एक हट्ट होता: ग्रुप. जी उपकरणं आयओएमएमयूच्या नजरेआड एकमेकांशी परस्पर बोलू शकतात, त्यांचा एक ग्रुप. द्यायचा तर अख्खा ग्रुप द्या. माझ्या तेव्हाच्या बोर्डावर ग्राफिक्स कार्ड, साटा कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड एकाच ग्रुपात निघाले. ग्राफिक्स द्यायला गेलो तर होस्टची डिस्कही जाणार! मग एसीएस ओव्हरराइड हा पॅच लावला. ही उपकरणं वेगवेगळी आहेत असं तो कर्नलला नुसतं भासवतो. काम झालं, पण मुख्य कर्नलने तो पॅच कधीच स्वीकारला नाही, आणि आता मला ते बरोबर वाटतं. रॅमची राखण हाच या सगळ्या खटाटोपाचा पाया; तोच पोकळ करून कार्ड मिळवण्यात अर्थ नाही.

पुढे बोर्ड बदलला. ती रात्र अजून आठवते. बायोसमध्ये व्हीटी-डी चालू केलं, एलएसपीसीआय कमांडच्या यादीत 01:00.0 वर ग्राफिक्स आणि 01:00.1 वर त्याच कार्डाचा एचडीएमआय ऑडिओ दिसला, दोन्ही व्हीएफआयओ ड्रायव्हरला बांधले. व्हीएम सुरू केलं. मॉनिटर काही क्षण काळा, आणि मग टियानोकोअरचा, म्हणजे व्हीएमच्या फर्मवेअरचा, लोगो उमटला. खऱ्या कार्डातून, खऱ्या केबलमधून. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

त्या काळात एनव्हिडियाचे जीफोर्स ड्रायव्हर व्हीएम ओळखून ‘कोड 43’ देत आणि थांबत. लोक हायपरव्हायजरची ओळख लपवून वाट काढत. 2021 मध्ये 465 मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने विंडोज गेस्टसाठी ही अडवणूक बीटा स्वरूपात उठवली. विकत घेतलेल्या कार्डाचं काय करायचं हे मालकाने ठरवायचं. त्यासाठी इतकी वर्षं लागायला नको होती. एएमडीच्या काही कार्डांचं दुखणं वेगळं: व्हीएम बंद केल्यावर कार्ड नीट रीसेट होत नसे आणि अख्खा होस्ट रीबूट करावा लागे.

नवा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर त्या मॉडेलचे आयओएमएमयू ग्रुप आधी पाहा. दुकानात ते कोणी सांगत नाही. तोच बोर्ड वापरणाऱ्या कुणाकडून तरी यादी मागून घ्या, आणि ग्राफिक्सचा स्लॉट स्वतंत्र ग्रुपात दिसला तरच पैसे मोजा.