गावचा पैसा जातो कुठे? रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यांत उचगाव शोधताना

आयकर भरला की जे चलन मिळतं, त्यावर सात आकडी 'बीएसआर कोड' छापलेला असतो. आपल्यापैकी अनेकांनी तो कधी ना कधी रिटर्न भरताना टाइप केला असेल. पण बीएसआर म्हणजे काय, हे फारसं कुणी विचारत नाही. बीएसआर म्हणजे 'बेसिक स्टॅटिस्टिकल रिटर्न'. प्रत्येक बँक शाखेची माहिती ज्या ठरावीक नमुन्यात रिझर्व्ह बँकेकडे जाते, तो हा नमुना. कोडातले पहिले तीन आकडे बँकेचे आणि पुढचे चार शाखेचे. म्हणजे देशातली प्रत्येक शाखा, मग ती मुंबईच्या फोर्टमधली असो की बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली, या मोठ्या हिशेबात आपल्या क्रमांकानिशी नोंदलेली आहे.

ही माहिती गोळा होते आणि जाहीरही होते. ती कुणालाही फुकट पाहता येते. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं असल्यामुळे असे तक्ते उघडून बसायची सवय आहे. पण या आकड्यांसाठी इंजिनिअर असावं लागत नाही. आपल्या गावातून बँकेत गेलेला पैसा पुन्हा गावाच्या कामी येतो का, एवढा प्रश्न मनात असला की पुरे.

सावकार ७०, बँक १

या मोजणीचं मूळ समजून घ्यायचं तर १९५१-५२ सालात जावं लागतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने 'अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी' केली. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबं, एवढा तिचा आवाका होता. पाहणी ज्या समितीच्या देखरेखीखाली झाली, तिचे अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला, आणि सदस्यांमध्ये होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. आपला बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता.

१९५४ मध्ये अहवाल आला आणि त्यातल्या आकड्यांनी दिल्लीलाही हलवलं. शेतकऱ्याने उसन्या घेतलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी जवळजवळ ७० रुपये सावकारांकडून येत होते. व्यावसायिक सावकारांचा वाटा ४४.८ टक्के, तर शेती करता करता सावकारी करणाऱ्यांचा २४.९ टक्के. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा अवघा ०.९ टक्का! खेड्यासाठी बँक नावाची गोष्ट जणू अस्तित्वातच नव्हती.

याच अहवालाच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पुढे १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. जिल्हा हा घटक धरून बँकांची आखणी करावी, असं गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सुचवलं आणि त्याच वर्षाअखेर 'लीड बँक' योजना आली. जिल्हावार आखणी करायची तर जिल्हावार आकडेही हवेत. त्यातूनच डिसेंबर १९७२ पासून बीएसआरची पद्धत सुरू झाली.

१०० रुपये आत, किती बाहेर?

दर तिमाहीला रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांच्या ठेवी आणि कर्जांचे जिल्हावार आकडे प्रसिद्ध करते. तक्ता अगदी साधा असतो: जिल्ह्याचं नाव, शाखांची संख्या, ठेवी आणि कर्ज. कर्जाला ठेवींनी भागून १०० ने गुणलं की 'कर्ज-ठेव प्रमाण' मिळतं. बँकवाले त्याला सीडी रेशो म्हणतात.

समजा, जिल्ह्यातल्या लोकांनी बँकांत १०० रुपये ठेवले आणि तिथल्या शाखांनी ६० रुपये कर्ज दिलं, तर प्रमाण ६०. उरलेल्या ४० रुपयांतला काही भाग बँकेला कायद्यानेच रोख राखीव निधीत आणि सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. बाकीचा जिथे कर्जाला मागणी आहे तिथे, म्हणजे बहुधा मोठ्या शहरांकडे जातो.

ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी देशपातळीवर हे प्रमाण ६० पर्यंत न्यावं, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. या विषयावर नेमलेल्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष होते नाबार्डचे यशवंत थोरात, म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. त्या गटाच्या शिफारशींवरून नोव्हेंबर २००५ मध्ये ठरलं, की ज्या जिल्ह्यात हे प्रमाण ४० च्या खाली आहे तिथे खास उपसमिती नेमून ते वाढवण्याचा आराखडा करायचा. म्हणजे तक्त्यातला हा आकडा नुसता अभ्यासापुरता नाही. तो घसरला तर जिल्ह्यातल्या बँकांना जाब द्यावा लागतो.

पण एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. आपल्या भागातून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. पगार, पेन्शन, परदेशातून येणारे पैसे हे सगळं गावाकडच्या खात्यांत साठतं आणि ठेवी वाढल्यामुळे प्रमाण खाली येतं. उलट, एखाद्या साखर कारखान्याचं मोठं कर्ज जिल्ह्याचा आकडा वर चढवतं, पण त्याने रताळी नाहीतर बटाटा लावणाऱ्या दोन एकरवाल्याला बँकेची पायरी सोपी झाली असं होत नाही. म्हणून रकमेइतकीच खात्यांची संख्याही पाहावी.

वार्षिक तक्त्यांत आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट असते. व्यक्तींच्या ठेवी आणि कर्जं तिथे स्त्री-पुरुष अशी वेगळी दिलेली असतात. आपल्याकडे भातलावणीपासून काढणीपर्यंत शेतात राबतात बायका, पण जमिनीच्या उताऱ्यावर नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. उतारा ज्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर. एका रकान्यात हे सगळं घर दिसतं.

उचगाव तक्त्यात कुठे आहे?

आता उचगावकडे वळू. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या फाट्यावरून आत वळलं की मळेकरणी देवीचं आणि दरवर्षीच्या साहित्य संमेलनाचं हे गाव लागतं. रिझर्व्ह बँकेच्या शाखांच्या यादीत शाखा कोणत्या गावात आहे ते सापडतं. पण ठेवी-कर्जांच्या जिल्हावार तक्त्यात उचगाव असं वेगळं नाव नाही. ते 'बेळगावी' नावाच्या एका ओळीत विरघळून गेलेलं आहे.

त्या ओळीतही गंमत आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या तक्त्यांत एकाच जिल्ह्याची दोन नावं सापडतात. नावावरून आकडे जुळवायला गेलं तर संगणकाला ते दोन वेगळे जिल्हे वाटतात. शिवाय उचगावही दोन आहेत, एक आपलं आणि दुसरं कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातलं. अशा कामात नावापेक्षा कोडावर भरवसा ठेवावा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

सीमाभागाची खरी अडचण पुढेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या मांडणीत कर्नाटक दक्षिण विभागात आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो. त्यामुळे उचगावच्या शेतकऱ्याचं कर्ज दक्षिणेत मोजलं जातं आणि थोडं पुढे, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत राहणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचं पश्चिमेत. दोघांचं पीक एक, बाजार एक, सोयरीक एक. पण या दोघांचा भाग एक म्हणून दाखवणारा तक्ताच नाही. सीमाभागाचं चित्र हवं असेल तर बेळगाव आणि कोल्हापूर या दोन ओळी आपल्यालाच शेजारी ठेवाव्या लागतात.

कर्ज कुठे मंजूर झालं आणि कुठे वापरलं, हाही फरक आहेच. उचगावच्या माणसाने बेळगाव शहरातल्या शाखेतून घरासाठी कर्ज घेतलं तर मंजुरी शहरात आणि भिंती गावात. १० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणची शाखा 'ग्रामीण', तर १ लाख ते १० लाख वस्तीच्या ठिकाणची 'शहरी' गणली जाते. मुंबईचं कर्ज ठेवींच्या मानाने एवढं मोठं दिसतं त्यामागेही हेच कारण आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, मंजुरी तिथे, आणि कारखाना भलत्याच राज्यात. म्हणून वार्षिक तक्त्यांत 'मंजुरीचं ठिकाण' आणि 'वापराचं ठिकाण' असे दोन्ही हिशेब देतात. वाद घालण्याआधी आपण कोणता वाचतो आहोत ते पाहून घ्यावं.

आकडा उडी मारतो तेव्हा

मार्च २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात बँकांचं 'सोन्याच्या दागिन्यांवरचं कर्ज' दुपटीहून थोडं अधिक झालं. बातमी वाचून वाटावं, देशातल्या बायकांचे दागिने एका वर्षात दुप्पट प्रमाणात गहाण पडले! त्यात तथ्य काहीच नाही असं नाही. सोन्याचा भाव चढला होता आणि गरजही होती. पण त्याच काळात, आधी शेतीकर्ज म्हणून नोंदलेली काही सोनेतारण कर्जं या रकान्यात हलवली गेली. दागिने तेच, तिजोरी तीच, फक्त रकाना बदलला.

दुसरं उदाहरण १ जुलै २०२३ चं. त्या दिवशी एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. आधी बँकांच्या हिशेबात नसलेली गृहकर्जं रातोरात त्या हिशेबात आली. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर वाढीचे आकडे विलीनीकरण धरून आणि वगळून असे दोन्ही दिले. तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायच्या त्या यासाठीच.

जे मोजलंच जात नाही

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे जिल्हावार तक्ते व्यापारी बँकांचे आहेत. ग्रामीण बँका त्यात येतात, पण सहकारी बँका येत नाहीत. त्यांचे आकडे वेगळे प्रसिद्ध होतात. पतपुरवठा करणाऱ्या सोसायट्या तर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखालीच नसतात. त्यांची नोंदणी राज्याच्या किंवा केंद्राच्या सहकार खात्याकडे असते.

आणि आपला भाग तर सहकाराचा. गदगजवळच्या कणगिनहाळ इथे १९०५ मध्ये जी सहकारी पतसंस्था निघाली, ती देशातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. तो मुलूख तेव्हा आपल्याचसारखा मुंबई इलाख्यात होता. आजही बेळगाव-निपाणी पट्ट्यात गल्लीगल्लीत सोसायटीची पाटी दिसते. तिथे मराठीत बोलता येतं, संचालक ओळखीचे असतात, अडीनडीला पटकन कर्ज मिळतं आणि व्याजही बँकेपेक्षा थोडं जास्त. बँकेने दारात उभं केलं नाही अशा कितीतरी घरांना सोसायट्यांनी उभं केलं आहे, हे नाकारून चालणार नाही.

पण एक फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. हा विमा व्यापारी बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्था आणि सोसायट्यांमधल्या ठेवींना मात्र तो नाही. सोसायट्यांनी आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरू नये आणि लोकांनी याबाबत सावध राहावं, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे बजावलं होतं.

म्हणजे ज्या पैशाला विम्याचं छत्र नाही, त्याच पैशाचा आकडा या तक्त्यांत नाही. सोसायटी अडचणीत आली तर जिल्ह्याच्या तक्त्यात त्याची रेघही उमटत नाही. ती उमटते फक्त घरात, मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी ठेवलेल्या पावतीवर.

आपण काय करू शकतो?

रिझर्व्ह बँकेचं हे सगळं भांडार ३० जून २०२३ पासून नव्या रूपात खुलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'आरबीआयडेटा' नावाचं मोबाइल अ‍ॅपही आलं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी एका सुट्टीत आपल्या जिल्ह्याची दहा वर्षांची ओळ काढून आलेख करून पाहावा. प्रोजेक्टला विषय मिळेल आणि गावही कळेल.

पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा आईबाबांना तीन गोष्टी विचारा. ठेवी नेमक्या कुठे आहेत, बँकेत की सोसायटीत? बँकेत असतील तर एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या वर आहेत का? सोसायटीत असतील तर तिचा लेखापरीक्षण अहवाल शेवटचा कधी पाहिला? वार्षिक सभेत तो मागणं हा सभासदाचा हक्क आहे. सभेला जाऊन चहा-फराळ घेऊन परत येण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. यंदा बाबांनी अहवालाची प्रतही मागून घ्यावी. समजली नाही तर फोटो काढून तुम्हाला पाठवतील, तुम्ही वाचून दाखवा.