वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्येच हायटस हर्नियाचीही दुरुस्ती : सही करण्याआधी समजून घ्या

हर्निया म्हटलं की आपल्याला जांघेतला नाहीतर बेंबीजवळचा फुगवटाच आठवतो. त्यामुळे लठ्ठपणाच्या ऑपरेशनआधी दुर्बिणीतून तपासणी होते आणि डॉक्टर "हायटस हर्निया आहे, तोही त्याच वेळी दुरुस्त करू" म्हणतात, तेव्हा घरचे गोंधळतात. बाहेरून तर काहीच दिसत नाही, मग बिल वाढवण्यासाठी सांगतायत का, अशी कुजबुज सुरू होते. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

शाळेत आम्ही मुलांना ज्याची आकृती काढायला लावतो, ते श्वासपटल छाती आणि पोट वेगळे करते. त्यातल्या एका छिद्रातून अन्ननलिका खाली उतरते. हे छिद्र सैल झाले की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. हाच हायटस हर्निया. लठ्ठ माणसाच्या पोटातला दाब जास्त असतो, म्हणून त्यांच्यात तो बराच आढळतो. मग आम्ल वर येते, छाती जळते, रात्री खोकला लागतो. भरपेट इफ्तारनंतर तरावीहमध्ये सज्द्यात गेले की घशाशी आंबट पाणी येणे, हे कित्येकांना ओळखीचे असेल. काहींना मात्र कसलाच त्रास नसतो. (छातीतले प्रत्येक दुखणे अ‍ॅसिडिटी समजून थंड दूध पिऊन बसू नये. आधी हृदय तपासा.)

दुरुस्ती अशी होते: सर्जन जठर खाली ओढून जागेवर आणतात आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंचे स्नायू टाक्यांनी जवळ घेतात. हर्निया मोठा असेल तर कधी जाळीही लावतात. हे सगळे वजनाच्या ऑपरेशनसाठी पाडलेल्या छोट्या छिद्रांतूनच होते, वेळ थोडा जास्त लागतो.

मग नंतर सावकाश का करू नये? 'स्लीव्ह' ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी. हर्निया तसाच ठेवला तर ही नळी छातीत सरकू शकते आणि जळजळ आणखी वाढते. शिवाय हर्नियाच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडपेला आधार देतात. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो, म्हणजे पुढे ती वाट बंद.

दुरुस्ती केली म्हणजे जळजळ कायमची गेली, असेही नाही. स्लीव्हनंतर काहींना पहिल्यांदाच आम्लाचा त्रास सुरू होतो आणि टाके सैल होऊन हर्निया परतही येऊ शकतो. ज्यांना आधीपासून तीव्र जळजळ आहे किंवा अन्ननलिकेला इजा झाली आहे, त्यांच्यासाठी अनेक सर्जन 'बायपास' पसंत करतात. त्यात जठराची छोटी पिशवी थेट आतड्याला जोडतात, त्यामुळे आम्ल वर येणे कमी होते. तेव्हा "स्लीव्ह स्वस्त पडते" एवढ्यावर ठरवू नका. आमच्या मते डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: माझ्या जळजळीला कोणते ऑपरेशन योग्य?

हर्निया कधी कधी ऑपरेशन टेबलावरच दिसतो. तसे झाले तर काय करायचे, याची संमती आणि खर्च आधीच बोलून घ्या. विम्याचेही तसेच. २०२० पासूनच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनला बीएमआय ४० लागतो, किंवा ठराविक गंभीर आजार असतील तर ३५. उंची १५५ सेंटीमीटर असेल तर ४० म्हणजे साधारण ९६ किलो. हर्नियाला बऱ्याच पॉलिसींत वेगळा प्रतीक्षा काळ असतो, तो वाचा.

ऑपरेशननंतर उलट्या आणि जोर करणे हे टाक्यांचे शत्रू. काही आठवडे पाण्याची कळशी, तांदळाची गोणी उचलायची नाही, लेकराला कडेवर घ्यायचे नाही. सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, तेही घोटघोट. पाणीही गिळवत नसेल, ताप आला किंवा छाती धडधडू लागली तर लगेच हॉस्पिटल गाठा. पहिले काही महिने दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे लागते, म्हणून रोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. आजाऱ्याला नंतर कजा करण्याची सवलत आहेच.

आणि दावतीत "एक घास तरी घे ना बेटा" म्हणणाऱ्या खाला-फुफूंना घरच्यांनीच आधी सांगून ठेवावे. पेशंटला तिथे नाही म्हणणे फार जड जाते.