संगणक जागा होताना

संगणकाचे बटण दाबल्यापासून तो कामासाठी सज्ज होईपर्यंत काही वेळ जातो. हा वेळ थोडा असेल तर त्याची कोणी दखल घेत नाही. परंतु तो दोन-तीन मिनिटांवर गेला की वापरणारा अस्वस्थ होतो. यंत्र जुने झाले असे समजून तो नवा मदरबोर्ड घेण्याचा विचार करू लागतो. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे पुष्कळदा प्रोसेसर आणि मेमरीही बदलणे आले. एवढा खर्च करण्यापूर्वी संगणक सुरू होताना त्याच्या अंतरंगात काय घडते, हे जाणून घेणे हिताचे ठरते.

वीज बंद होताच संगणकाच्या मुख्य मेमरीतील सर्व मजकूर पुसला जातो. त्यामुळे संगणक पुन्हा सुरू करताना प्रोसेसरला पहिली सूचना कोठून मिळणार, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये काही सूचना कायमच्या साठवून ठेवलेल्या असतात. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम. कंपनीच्या वैयक्तिक संगणकात या सूचनांच्या संचाला 'बायोस' असे नाव होते. मेमरी, कळफलक, डिस्क इत्यादी भाग ठीक आहेत की नाहीत, हे बायोस तपासत असे. त्यानंतर डिस्कवरील पहिल्या ५१२ बाइटांचा मजकूर वाचून पुढील काम त्याच्यावर सोपवीत असे.

शाळा भरते तेव्हाही असेच घडते. शिपाई कुलूप उघडून वर्ग पाहून घेतो, मग शिक्षक येतात आणि शेवटी विद्यार्थी आपापल्या जागी बसतात. संगणकातही प्रथम मदरबोर्डवरील सूचना तपासणी करतात, नंतर ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून मेमरीत येते आणि अखेरीस तिच्यासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम जागे होतात. विलंब यांपैकी कोणत्याही टप्प्यात होऊ शकतो. मदरबोर्डचा थेट अधिकार मात्र मुख्यतः पहिल्या टप्प्यावर चालतो.

हा पहिला टप्पा गेल्या काही वर्षांत बराच बदलला आहे. जुना बायोस १६ बिटांच्या पद्धतीने काम करीत असे. त्याची जागा 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने घेतली. तिचे मानक सांभाळणारी संघटना २००५ साली स्थापन झाली. या पद्धतीत सुरुवातीला ज्यांची गरज नाही अशा उपकरणांची तपासणी टाळता येते. मात्र नवा मदरबोर्ड नेहमीच चपळ असतो, असे म्हणता येत नाही. डीडीआर-५ प्रकारच्या वेगवान मेमरीशी जुळवून घेण्यासाठी मदरबोर्डला विद्युत संकेतांच्या वेळा बारकाईने ठरवाव्या लागतात. मेमरी नव्याने बसविल्यानंतर या जुळवणीला काही मिनिटेही लागू शकतात. काही मदरबोर्ड तिचा निष्कर्ष साठवून पुढच्या वेळी वापरतात. ही सोय नसेल अथवा बंद असेल, तर दरवेळी ताटकळावे लागते.

दुसऱ्या टप्प्यातील विलंबाचे कारण बहुधा हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते. शिवाय शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळाच. विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचताना हे क्षण साचत जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तिला अशा वाचनास साधारणतः मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो.

म्हणून प्रथम मोजमाप करावे. विंडोज १० व ११ मधील टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात, यूईएफआय असलेल्या संगणकांवर, पहिल्या टप्प्याचा वेळ सेकंदांत दाखविला जातो. समजा, संगणक सज्ज होण्यास ९० सेकंद लागतात आणि त्यांपैकी १० सेकंद पहिल्या टप्प्याचे आहेत. दुप्पट चपळ मदरबोर्ड आणला तरी या टप्प्यात केवळ ५ सेकंद वाचतील. उरलेल्या ८० सेकंदांवर इलाज करण्यासाठी एसएसडी बसवावी आणि अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत.

पहिल्या टप्प्यालाच ३०-४० सेकंद लागत असतील, तर मदरबोर्डकडे लक्ष वळवावे. नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय चालू आहे काय, एखादी बिघडलेली डिस्क जोडलेली आहे काय, हे पाहावे. निर्मात्याने सुधारित सूचनासंच दिला असल्यास तो बसवावा. मात्र त्या वेळी वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. एवढे करूनही गुण आला नाही, तरच नव्या मदरबोर्डचा विचार करावा. तो निवडताना त्याच प्रोसेसर व मेमरीसह प्रत्यक्ष मोजलेला वेळ पाहावा, आणि मेमरीच्या जुळवणीचा निष्कर्ष साठविण्याची सोय आहे ना, याची खात्री करावी.

प्रारंभीची तपासणी पूर्णपणे निरर्थक नसते. मेमरीतील दोष वेळीच लक्षात आला नाही, तर पुढे साठवलेली माहिती बिघडू शकते. महत्त्वाची माहिती सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकांत ही तपासणी जाणीवपूर्वक सविस्तर केली जाते. कोणता विलंब उपयोगाचा आणि कोणता निष्कारण, हे ओळखता आले की पैसाही वाचतो आणि वेळही.