परदेशात मांडा लगोरी!

गोंदिया, तिरोडा, आमगावहून परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी सामने भरवायचेच तर लगोरीचे भरवावेत, क्रिकेटचे नकोत. क्रिकेटला मैदान लागतं, साहित्य लागतं आणि ज्याला येतं तोच खेळतो. लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू पुरे. नेम चुकला की सगळेच हसतात, त्यामुळे कुठल्याही देशाचा वर्गमित्र पाच मिनिटांत भिडू होतो.

‘हा पोरखेळ, बाहेर कोण विचारतो?’ असं कोणी म्हणेल. पण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवले, तेव्हा तेही गल्लीतलेच होते. खो-खोचा पहिला विश्वचषक तर जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळ होता. ‘शिकायला गेलेत, खेळायला नाही’ हा आक्षेप अर्धा खरा. परीक्षेच्या आठवड्यात नकोच! एरवी परक्या गावात माणसं जोडणं हाही अभ्यासच. फक्त लगोरीचे नियम गल्लीगणिक बदलतात, तेव्हा तुमच्या मोहल्ल्याचे नियम आजच लिहून पोरांना पाठवा.