बिबट्यावरची ग्रामसभा

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्यांची सभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार ती वर्षातून किमान चारदा भरते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा गावोगाव सवयीच्या झाल्या आहेत. जुन्नर-आंबेगावात तिचा कस लावणारा विषय मात्र तारीख बघून येत नाही. बिबट्या शेळी उचलतो, कधी माणसावर झडप घालतो, आणि विशेष सभेची नोटीस निघते.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला. वर्षभर उभ्या असलेल्या त्या उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते आणि तोडणीच्या वेळी बछडे कोयत्यासमोर येतात.

सभेची सुरुवात रागानेच होते. ‘पिंजरा लावा’, ‘दिवसा लाइट द्या’, ‘ठारच करा’ या मागण्या एका दमात येतात आणि समोर बसलेला वनरक्षक सगळ्यांच्या रोषाचा धनी ठरतो. जाणता अध्यक्ष इथे घाई करत नाही. ज्याच्या घरी घटना घडली त्याला आधी, मधे कोणी न बोलता, पुरते बोलू देतो. मग मागण्या सुट्या करतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. वीज रात्री येते म्हणून दारे धरायला, म्हणजे शेताला पाणी द्यायला, रात्री जावे लागते, तो प्रश्न महावितरणचा. गावाच्या हातात उरते ते साधे, पण टाळले जाणारे: मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकणे, बंदिस्त गोठा, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, शाळेच्या वाटेवरचा दिवा.

खरा वाद पिंजऱ्यावर होतो. जुन्नर वनविभागात 2001 पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात आढळले की त्याआधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले नंतर 17 वर गेले. हा आकडा सभेत सांगावा जरूर, पण शोकातल्या घराला उत्तर म्हणून नव्हे.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. इथे ती नावापुरती उरकणे फार महागात पडते. खाली बसून गवत कापणाऱ्या बाईला धोका कुठे आहे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मोजक्या डोक्यांवर मोठे ठराव इथेच निघतात. सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. निम्मी सभा कुरकुरत असली तरी लेखणी तोच शब्द उमटवते. विरोध नोंदवलेला ठराव अधिक खरा असतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सर्वसहमतीची रीत पाळली, पण त्याआधी अभ्यासगटात प्रश्न घोळवला. भीमाशंकरकडच्या आदिवासी वाड्यांना अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा पेसा कायदा (1996) आणि राज्याचे 2014 चे नियम यांमुळे स्वतःची ग्रामसभा मागता येते. लहान सभेत तसे घोळवणे सोपे जाते.

ठरावाची प्रत जुन्नरच्या उपवनसंरक्षक कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा. पुढच्या सभेचा पहिला विषय मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. पिंजऱ्याच्या ठरावाचे काय झाले, हे विचारण्याची रीतसर जागा तीच.