आयुष्यात एकदाच चावणारा जीव

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या धुऱ्यांवर गवत माजतं. गाईच्या कानाला चिकटलेली गोचीड आपल्याला सहज दिसते, पण तिच्या दूरच्या नात्यातली चिगर माइटची अळी या गवतात बसली असली तरी दिसणार नाही. सहा पायांची, नारिंगी रंगाची, जेमतेम ०.२ मिलिमीटरची.

ती रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवते, त्याच लाळेची घट्ट नळी तयार होते आणि त्या नळीतून ती पेशींचा रस ओढते. असं जेवण आयुष्यात बहुधा एकदाच! मग मातीत उतरते, पुढे आठ पायांची होते आणि किड्यांच्या अंड्यांवर जगते. या चाव्यातून माणसाला रोगही होतो. पण एकदाच चावायचं, तर तिच्याकडे रोगाचा जंतू येतो कुठून? आईकडून, थेट अंड्यातून. ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू माइटच्या पिढ्यांत असा वारशानेच उतरत राहतो. अळ्या पोसल्या जातात त्या मुख्यतः उंदरांवर. माणूस मध्येच सापडतो. म्हणून सगळे रुग्ण बरे झाले, तरी रोग मातीत शाबूत असतो.

हा स्क्रब टायफस. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्याने हजारो सैनिकांना गाठलं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या रुग्णालयांत त्याचे रुग्ण भरती झाले, काही दगावलेही.

चावा दुखत नाही. साधारण दहा दिवसांनी ताप चढतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. डेंग्यू-मलेरियाचीच शंका येते. खूण असते ती अनेकांच्या काखेत, जांघेत, कमरेपाशी उठलेल्या काळ्या खपलीची, बिडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. जिवाणू पेशींच्या आत राहतो, त्यामुळे पेनिसिलिन इथे निकामी ठरतं. डॉक्सीसायक्लिन मात्र वेळेवर मिळालं तर ताप बहुतेकदा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर बेततं.

लस नाही. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, एवढा दिलासा आहे. बांधीत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर बसू नका, कपडे त्यावर वाळत घालू नका. घरी आल्यावर साबणाने अंग घासून धुवा, कपडे गरम पाण्यात टाका. घराभोवतीचं गवत काढा, उंदरांना थारा देऊ नका. आणि पावसाळ्यात ताप आला, तर शेतात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. अंगावर खपली असेल, तर लाज न बाळगता दाखवा.